जुन्या स्टेडियमची एक चक्कर

“चपला इथंच काढ, बेटा,” गयासुद्दीनचाचा म्हणाले. “या मातीची गोडी अनवाणी पायालेच कळते.”

साधनानं चपला फाटकापाशी भिरकावल्या अन् आत पाय टाकला. अगं बाई! शाळेत असल्यापासून ज्याचं नुसतं नाव ऐकत आली, ते अमरावतीचं जुनं स्टेडियम हेच. तिवस्याहून एसटीनं इथं यायला तास लागतो. साधनाला अठरा वर्षं लागली होती.

चाचा इथले रखवालदार. गावाबाहेर नवं स्टेडियम झाल्यापासून इकडं कुत्रंही फिरकत नव्हतं. आज ऐकणारं माणूस सापडलं म्हटल्यावर त्यांच्या तोंडाचा पट्टा जो सुरू झाला, तो थांबेचना. बसायच्या पायऱ्या सागवानी, हजारो लोकांनी बसून बसून गुळगुळीत केलेल्या. वर कवेलूचं छप्पर. गुणांचा फलक लाकडी. पत्र्याचे आकडे शिडीवर चढून हातानं खिळ्याला अडकवायचे. माइक कसला? पत्र्याचा भोंगा! अन् घंटा म्हणजे कडुलिंबाच्या फांदीला टांगलेला रुळाचा तुकडा.

“शेवटची चक्कर सुरू झाली का मी हा वाजवत होतो,” चाचा म्हणाले. “राजापेठेपर्यंत ऐकू जाये!”

साधनानं पायरीवर बसून पाहिलं, आकडा अडकवून पाहिला, भोंग्यातून स्वतःचं नाव ओरडून पाहिलं. तिचा बाप नत्थुजी मात्र हात मागे बांधून गप्प उभा होता. तिला त्याचं नवल वाटलं नाही. बावीस वर्षं बाप कापसाच्या जिनात सरकी-रुईत राबला. लागोपाठ तीन पावसाळे कोरडे गेले, कापूस आलाच नाही अन् जिनाला कुलूप लागलं. तेव्हापासून बापाच्या तोंडालाही कुलूपच होतं.

अकोल्याच्या खेळाच्या वसतिगृहात साधनाची निवड झाली होती. राहणं, खाणं, धावणं, सगळं तिथंच. फॉर्मवर बापाची सही तेवढी हवी होती अन् उद्या शेवटची तारीख. महिनाभर तिनं लकडा लावला. बाप हूं की चूं करेना. अन् काल जेवता जेवता स्वतःहून म्हणाला, “उद्या अमरावतीले जाऊ. तुले ते जुनं स्टेडियम पाहाचं होतं ना?”

साधनाचा जीव भांड्यात पडला. तिला वाटलं, बापानं मनातल्या मनात सही करून टाकली. सकाळी आईनं तेल लावून घट्ट वेणी घातली, ठेवणीतला मोरपंखी ड्रेस काढून दिला. “आई, मी स्टेडियम पाहाले चालली का वरातीत?” साधना हसली. आई काही हसली नाही.

“बाबा, एक चक्कर मारू?”

नत्थुजीनं एकदा फाटकाकडं पाहिलं. “मार बाई. मनभर मार.”

चाचांनी डब्यातली उरलीसुरली फक्की आणून मातीवर पांढरी रेघ ओढली. साधनानं ओढणी कमरेला खोचली. रुळाचा ठणका झाला अन् पोरगी सुटली.

काय धावली म्हणता! गावात ती पहाटे कालव्याच्या बांधावर धावायची, तेव्हा बघायला फार तर कुणाची म्हैस. इथं अर्ध्या चकरेत तिची नजर पायऱ्यांवर गेली, तर तिथं चार माणसं येऊन बसलेली. दोन बाया, एक टोपीवाले काका, एक पँट-शर्टातला पोरगा. चौघंही तिच्याकडंच बघत होती. तिला बघायला कुणी पायऱ्यांवर बसलं, असं आजवर कधी घडलं नव्हतं. तिच्या अंगात वारं शिरलं. भोंग्यातून चाचा ओरडत होते, “शाब्बास, तिवसा! शाब्बास!” रेघ ओलांडून ती थांबली, तेव्हा बाप तोंड फिरवून डोळे पुसत होता. तिलाही रडू आलं. इतकी खूश ती आयुष्यात झाली नव्हती.

“बाबा, पाह्यलं?”

“ओढणी घे डोक्यावर,” नत्थुजी हळूच म्हणाला. “अन् वर चल. पाहुण्याइच्या पाया पड.”

“पाहुणे? कोनते पाहुणे?”

“घरी बोलावले का तू मागच्या दारानं पळतं. म्हून इथं.” त्यानं मान वर केली नाही. “पोराची पर्मनंट नोकरी हाय, साधना. जिन काई आता उघडत नाई. मी तुले दुसरं काय देऊ?”

चाचांच्या हातातला भोंगा खाली आला. ते लिंबाखाली जाऊन बसले.

फाटक उघडं होतं. साधनाला गाठणारं तिथं कुणीच नव्हतं. पण बापानं हात जोडले होते. रुईनं खरखरीत झालेले ते हात ओलांडून पळायची तिची छाती झाली नाही. कमरेची ओढणी तिनं सोडली, डोक्यावर घेतली. सागवानी पायऱ्या चढून ती चारदा वाकली.

दोघींतली वयस्क बाई मायाळू होती. तिनं साधनाच्या हनुवटीला हात लावून तिचा चेहरा वर केला, कपाळावरचा घाम स्वतःच्या पदरानं टिपला.

“धावनं पाह्यलं, बाई,” ती म्हणाली. “आता जरा चालून दाखव.”