तिसरा ठसा

१९८४ साली मी बालाघाटच्या कोर्टात कारकून होतो. आरोपीचा अंगठा घेणं माझं काम. घाबरलेला माणूस हात हलवतो आणि ठसा बिघडतो, म्हणून मी त्याचा अंगठा मुठीत धरून, नजर कागदावर ठेवून, स्वतःच टेकवायचो.

निबारण उकव्याला चहाची टपरी चालवायचा. एकाहत्तरच्या लढाईत सीमेपलीकडून जीव वाचवून आलो, गावात कोणी उरलं नाही, असं अर्जात लिहवून त्यानं नागरिकत्व मिळवलं होतं. आता उघड झालं होतं, की पाकिस्तानी सैनिकांना त्या गावातली घरं यानंच दाखवली होती. अर्जावरचा अंगठा त्याचाच आहे, एवढं सिद्ध करायचं होतं.

पहिल्या ठशात विळ्यानं कापल्याची आडवी खूण उमटली. निबारणच्या अंगठ्यावर तशी खूण नव्हती.

"शाई जास्त झाली असन," सरकारी वकील मुकुंदराव म्हणाले. "चिंतामण, पुन्हा घे."

दुसरा ठसा फार झिजलेला, म्हाताऱ्या माणसाचा आला.

"साहेब, हा त्याचा अंगठा नाही."

"तूच तर धरला व्हता ना?"

"हौ."

"मत लीजिए, बाबू," निबारण हळूच म्हणाला.

मी तिसऱ्यांदा टेकवला. ठसा वाटाण्याएवढा उमटला. मी मान वर केली.

निबारण दोन्ही हात छातीशी आवळून पलीकडच्या भिंतीला टेकला होता.

इवलीशी बोटं अजून माझ्या मुठीत होती, आणि ती माझा हात सोडत नव्हती.