मास्क आणि मिशी

स्टिअरिंगवर डुलकी लागून बस दुभाजकाला घासली आणि मग तपासणीत कळलं की चालकाचा श्वास झोपेत अडकतो. एका दुपारी तंत्रज्ञबाई झोपेत मास्कमधून हवा देऊन श्वास चालू ठेवणारं यंत्र घेऊन घरी आल्या. मास्क बसवून त्यांनी हवेचा दाब वाढवला, तशी कडेने फुसफुस सुरू झाली. “मिशीतून हवा निसटतेय. नुसता नाकपुड्यांचा मास्क देऊ?” “यांचं तोंड झोपेतही मिटत नाही,” बायको म्हणाली. लग्नाआधीपासून पीळ दिलेली ती मिशी चालकाने एकदा कुरवाळली आणि तो सरळ आरशासमोर गेला. “मिशी परत येते, गेलेली माणसं येत नाहीत,” म्हणत त्याने रेझर फिरवला. आता मास्क चपखल बसला. चालकाला लगेच झोप लागली. घोरणं मध्येच थांबलं की त्याला हलवायला वर्षानुवर्षं जागलेली बायको उशाशी बसली. काही वेळाने तंत्रज्ञबाईंनी पाहिलं, तर भिंतीला टेकून तीही गाढ झोपली होती.