साहेबांची शांत नाडी

"बायका दमल्या, नाडी वाढली, की खोक्यांचा सरकता पट्टा मंदावतो. त्यांच्या मनगटावरचे ट्रान्समीटर बंद कर आणि सगळ्या पट्ट्यांचे रिसीव्हर माझ्या मनगटावरच्या ट्रान्समीटरशी जोड," मॅनेजर कर्णिकांनी एसी केबिनमधून फर्मावलं. "माझी नाडी बघ कशी शांत असते!"

तंत्रज्ञ नजमानं जोडणी बदलली. पट्टे सुसाट सुटले. खोकी आवरताना बायकांची दमछाक झाली.

मग नजमा केबिनमध्ये शिरली, साहेबांसमोरच्या खुर्चीत ऐसपैस बसली आणि त्यांचाच कप उचलून चहा पिऊ लागली.

"ऊठ! लाज नाही वाटत?" कर्णिक लालबुंद होऊन ओरडले.

काचेपलीकडे सगळे पट्टे मंदावत थांबले. बायकांनी भिंतीला पाठ टेकली.

"ओरडा, साहेब," नजमा म्हणाली. "बायकांचा चहा व्हायचाय अजून."