वादळाच्या सुट्टीला ऊन

सहाला चार मिनिटं कमी असताना एफी मॅकआयझॅकने 'विद्यापीठ आज बंद' असं रेडिओला कळवलं, आणि साडेसातला लख्ख ऊन पडलं.

ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिली. आकाश घासून ठेवलेल्या ताटासारखं. रात्रभरात बर्फाचा कण पडला नव्हता. होता तो गेल्या आठवड्याचा, कडक झालेला. काल सगळं पोर्ट कॅलम गाव वादळाची वाट बघत होतं. दुकानांतले बटाट्याचे वेफर्स दुपारीच संपले होते, आणि या किनाऱ्यावर वेफर्स संपले की वादळ आलंच म्हणून समजतात.

"समुद्रातून वळलं," चहात बिस्किट बुडवत आई म्हणाली. "तुझ्या बापाची जात. येतो येतो म्हणायचं आणि बाहेरच्या बाहेर पसार."

"आई, माझं काम जाईल."

"काम कसलं जातंय! अब्रू जाईल."

एकोणीस हिवाळे हा निर्णय एफीचा होता. पहाटे उठायचं, बर्फ काढणाऱ्या गाडीवरच्या रॉरीला फोन करायचा, रस्त्यावरच्या दिव्याभोवती काय उडतंय ते बघायचं आणि बंद की सुरू ते ठरवायचं. जानेवारीत तिने 'सुरू' म्हटलं, तर चाळीस पोरं वादळात अडकून व्यायामशाळेत झोपली. तेव्हा टोरांटोहून आलेले नवे कुलगुरू, डॉ. हॅल्डेन, आवाज न चढवता म्हणाले होते, "आणखी एक चूक झाली, तर हे काम हवामान कंपनीकडे देऊ."

फोनवर निरोप आला. दहाला ग्रंथालयामागच्या टेकडीवर या. हॅल्डेन.

"टेकडीवर कशाला?" एफी पुटपुटली.

"कडेलोटाला," आई म्हणाली. "स्वेटर घालून जा."

विद्यापीठाच्या फाटकापाशी रॉरी गाडीला टेकून उभा होता. "एफे, छत्री आणलीस ना? ऊन लागेल हो."

"पहाटे तूच म्हणालास ना, वारा फिरलाय!"

"फिरलाच होता की. कुठे फिरला ते तू विचारलंस का?" म्हणत तोही तिच्यामागून टेकडीकडे निघाला.

टेकडी दिसण्याआधी ऐकू आली. सगळं विद्यापीठ लोटलं होतं. पोरंपोरी खानावळीचे ट्रे बुडाखाली घेऊन घसरत होती, कुणी गादीवर, कुणी कपड्यांच्या टोपलीत. सकाळी ज्यांचा पेपर व्हायचा होता, ते रसायनशास्त्राचे सर पोटावर झोपून, डोकं पुढे करून खाली गेले, आणि खालून त्यांचं हसू वर आलं.

हॅल्डेन माथ्यावर एकटे उभे होते. लांब काळा कोट, तोंड नेहमीचंच.

"आकाश पाहिलंत?"

"पाहिलं, सर."

"त्या कंपनीला मी पहाटे विचारलं होतं. पडताळून बघावं म्हणून. त्यांनी सांगितलं, सुरू ठेवा."

"म्हणजे त्यांचं बरोबर निघालं," एफी म्हणाली.

"अगदी बरोबर." हॅल्डेननी हातमोजे झटकले. "मी त्यांना नको म्हणून कळवून टाकलंय."

तिला वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चुकलं. तेवढ्यात खालून कुणीतरी हाक मारली आणि ते वळले. कोट मागून मानेपासून टाचेपर्यंत पांढरा झाला होता, आणि डाव्या खिशाची शिवण उसवून लोंबत होती.

"आठ महिने झाले मला इथे येऊन," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "लिफ्टमध्ये शिरलो की पोरं गप्प होतात. आज सकाळपासून तिघांनी मला ढकललंय." मग जरा थांबून, "विचारलंसुद्धा नाही."

त्यांनी बर्फावरचा ट्रे सरळ केला, गुडघे छातीशी घेऊन पुढे बसले आणि मागे वीतभर जागा ठेवली.

एफीने एकदा निळ्या आभाळाकडे बघितलं. मग पर्स रॉरीच्या गळ्यात अडकवली आणि बसली.

"एफीमावशी, पाय वर!" पाठीवर दोन हात टेकले.