उजवी बाजू मोकळी

“आता कसं वाटतंय?” डॉक्टर क्विग्लींनी विचारलं.

“पुष्कळ बरं,” आर्डिस म्हणाली.

“मी अजून हात लावलेला नाही.”

आर्डिस पालथी झोपली होती, तोंड टेबलाला त्यासाठीच ठेवलेल्या भोकात. तिथून डॉक्टरांचे बूट तेवढे दिसत होते. ती बुटांकडे बघत म्हणाली, “तरी पण. टेबल मऊ आहे ना.”

क्विग्ली कायरोप्रॅक्टर, म्हणजे हातांनी मणके बसवणारे डॉक्टर होते, पण कटकन मान मोडणाऱ्यांतले नव्हते. कानामागे दोन बोटं टेकवायची, पिकलेलं फळ चाचपावं इतकाच दाब द्यायचा आणि थांबायचं. चौदा मंगळवार हे चाललं होतं. आर्डिसचं डोकं आता रोज ठणकत नव्हतं, दिव्याकडे बघवत होतं. मान मात्र उजवीकडे वळत नव्हती. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी डाव्या बाजूला बोट ठेवून “इथेच दुखतं ना?” असं इतक्या मायेने विचारलं, की नाही म्हणणं तिच्या जिवावर आलं. तेव्हापासून बिचारे डाव्या बाजूवरच जास्त मेहनत घेत होते.

आमच्या मिनेसोटात हे असंच. माणूस ट्रॅक्टरखाली सापडला तरी “तसं ठीक आहे” म्हणतो आणि ट्रॅक्टरला काही झालं नाही ना, ते विचारतो. आर्डिसला अपघात झाला तोही याच गुणामुळे. हायवेच्या तिठ्यावर ती थांबली होती. समोरून वळणाऱ्याला तिने आधी जाऊ दिलं, मग त्याच्या मागच्याला, मग त्याच्याही मागच्याला. तेवढ्यात ऑर्व्हल हॉगनचा पिकअप मागून येऊन धडकला. मानेला हिसका बसला, डोक्याला मार लागला. आर्डिस उतरली आणि मध्ये आल्याबद्दल तिने ऑर्व्हलची माफी मागितली. त्यानेही मागितली. पोलीस आला, त्याने उशिरा आल्याबद्दल दोघांची मागितली.

ऑर्व्हल एकोणऐंशी वर्षांचा, बायको गेलेली. अपघातापासून दर गुरुवारी तो भट्टीत भाजलेल्या बटाटा-खिम्याचं भांडं आर्डिसच्या दारात ठेवायचा आणि दर मंगळवारी तिला स्वतःच्या पिकअपमधून दवाखान्यात आणायचा. “बरं आहे ना?” हे विचारताना त्याचा आवाज कापायचा. त्याला नाही कसं सांगणार? म्हणून आर्डिस बरी होती.

“उठा,” क्विग्ली म्हणाले. “मान दोन्हीकडे वळवून दाखवा.”

तिने दाखवली.

“बाई, उजवीकडे तुम्ही मान नाही, खांदे वळवलेत.”

“खांदेही छान आहेत.”

क्विग्लींनी सुस्कारा सोडला. बाजूच्या मेजावर शाळेचा कागद होता. बावीस वर्षं आर्डिस शाळेची बस चालवत होती. सोमवारी शाळा उघडणार होती आणि या कागदावर डॉक्टरांची सही नसेल तर बस दुसऱ्या कुणाला जाणार होती. बसशिवाय सकाळी उठायचं कशासाठी, हे तिला ठाऊक नव्हतं.

“‘मान पूर्ण वळते का?’ ही चौकट मी कोरी ठेवतोय,” क्विग्ली म्हणाले. “घरी जा, तुम्हीच भरा. खरं भरा. मग सहीचं बघू.”

पिकअपमध्ये बसल्याबसल्या आर्डिसने पर्स मांडीवर ठेवली, त्यावर कागद ठेवला आणि चौकटीत लिहिलं, ‘हो’.

“काय म्हणाले डॉक्टर?” ऑर्व्हलने विचारलं.

“छान प्रगती आहे म्हणाले.”

“देवा रे,” म्हणून त्याने डोळे पुसले आणि गाडी सुरू केली.

ऑगस्टचा मका दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर गेला होता. हायवेच्या त्याच तिठ्यावर ऑर्व्हल थांबला. आमच्याकडे चालवणाऱ्याने डावीकडे बघायचं आणि शेजारच्याने उजवीकडे, ही रीतच आहे.

“उजवी बाजू?” ऑर्व्हलने विचारलं.

चौदा मंगळवार, जाताना एकदा आणि येताना एकदा, आर्डिस म्हणत आली होती, “मोकळी.” समोर बघतच म्हणायची. त्या रस्त्याला असून असून वाहनं किती असणार!

आताही तिने तोंड उघडलं. पण तिच्या डोळ्यांपुढे सोमवार आला. पिवळी बस, मागे सव्वीस डोकी, आणि शेजारी सांगायला कोणीच नाही.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली.

“काय?”

“मला माहीत नाही, ऑर्व्हल. माझी मान तिकडे वळतच नाही. मी कधी बघितलंच नाही.”

उजवीकडून दुधाचा टँकर आला आणि त्यांच्या नाकासमोरून धडधडत गेला. पिकअप जागच्या जागी हलला. तिला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

“मला माफ करा,” ती म्हणाली. “तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. नशीब, डावीकडे तरी तुम्ही बघत होता.”

ऑर्व्हलने गाडी बंद केली. किल्ली काढून दोघांच्या मध्ये सीटवर ठेवली. चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला.

“आर्डिस,” तो म्हणाला, “त्या दिवशी ब्रेकवरून पाय घसरला म्हणून मी पोलिसाला सांगितलं ना? पाय नव्हता घसरला. मला तुझी गाडीच दिसली नव्हती. तिठ्याची पाटीसुद्धा दिसत नाही, सवयीने थांबतो. हे सांगितलं असतं तर लायसन्स गेलं असतं, तुला दवाखान्यात आणायला मी उरलो नसतो. तू ‘मोकळी’ म्हणायचीस, मी निघायचो.”

मका सळसळला. आर्डिसने पेन काढलं, ‘हो’ खोडलं आणि त्याखाली मोठ्या अक्षरात ‘नाही’ लिहिलं. मग तिने अख्ख्या अंगानिशी ऑर्व्हलकडे वळून विचारलं,

“मग चौदा मंगळवार बघत कोण होतं?”