नाही उचलला तर?

आईला रोज सकाळी आपोआप फोन लावणारा प्रोग्राम ती हॅस्केल या संगणकभाषेत लिहीत होती. भाषा तिला नवी, आणि कोड तपासणारा कंपायलर एकाच प्रश्नावर अडून बसलेला: आईने फोन नाही उचलला तर? उत्तराच्या जागी ‘अनडिफाइन्ड’, म्हणजे ‘नंतर बघू’, लिहून तिने वेळ मारून नेली. कंपायलरने मुकाट वाट सोडली आणि प्रोग्राम चालला. शेजारच्या टेबलावरच्या मुरलेल्या मैत्रिणीने कपाळाला हात लावला. “अगं, ही आळशी भाषा! गरज पडेपर्यंत ती ओळ बघणारही नाही. आई ज्या दिवशी उचलणार नाही, त्याच दिवशी सगळं कोसळेल.” आईच्या घराची दुसरी किल्ली भावाकडे, आणि भावाशी तिचा अबोला. तिने ‘अनडिफाइन्ड’ खोडून तिथे त्याचा नंबर लिहिला. खात्रीसाठी स्वतःच लावून पाहिला. त्याने पहिल्याच रिंगला उचलला. “काय झालं, ताई? निघू का? किल्ली खिशातच असते माझ्या.”