आठ अंशांची चूक

"चूक माझी आहे. छापायची. आणि तीही पहिल्या पानावर," संपादक म्हणाला आणि त्याने ओल्या शाईचं प्रूफ बायकोपुढे सरकवलं.

बायकोने चष्मा कपाळावर चढवला. मासिकाच्या छपाईचे अक्षरांचे खिळे तीच जुळवायची, त्यामुळे नवऱ्याच्या शब्दांवर पहिला हक्क तिचा आणि शेवटचाही तिचाच. "अहो, एवढा डांगोरा कशाला? आत कुठेतरी टाकू, कोपऱ्यात."

"देशभरातले कारखानदार डोक्याला हात लावून बसलेत माझ्यामुळे, आणि मी कोपऱ्यात लपू?"

गोष्ट एवढीशीच होती. तो बिअर बनवणाऱ्यांचं मासिक चालवायचा. माणूस परदेशातून आलेला, पण त्याने लिहावं आणि इथल्या कारखान्यांनी तसं करावं, इतका त्याचा शब्द चालायचा. मागच्या अंकात त्याने लिहिलं, बिअर तळघरात आठ अंशांवर आंबवा. आता हा आठाचा आकडा होता त्याच्या वडिलांच्या तळघरातला. आणि वडिलांचं थर्मामीटर जुन्या देशातलं, त्याच्यावर पाणी शंभरला नाही, ऐंशीला उकळायचं. त्याला हे माहीत नव्हतं होय? चांगलं माहीत होतं! पण त्या तळघराबद्दल लिहिताना स्वारी मनाने तिथेच जाऊन बसली होती. तिकडचे आठ म्हणजे इकडचे दहा. आज सकाळी वडिलांचं ते थर्मामीटर पुसताना डोक्यात प्रकाश पडला आणि समोरचा चहा तसाच राहिला.

"म्हणूनच सगळे बोंबलतायत," तो म्हणाला. "पिंपं अडली, बिअर तयार होत नाही म्हणून. कशी होईल? दोन अंश जास्त गार ठेवली त्यांनी!"

"जाहिराती काढून घेतील हो," बायको हळूच म्हणाली.

"घेतीलच. मग मासिक बंद. आणि आपण पुन्हा कोण? तर ते बाहेरून आलेले."

तिने प्रूफ टेबलावर परत ठेवलं. कोपऱ्यातल्या छपाईच्या यंत्रावरचा माणूस उगाच चाक पुसू लागला.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि पिंप आत आलं. कारखानदारांच्या संघाच्या अध्यक्षांना सगळा धंदा पिंपच म्हणायचा, अर्थात पाठीमागे. देह तसा आणि आवाजही तसाच घुमणारा. काखेत एक बाटली होती.

"संपादक! महिनाभर तुमच्या नावाने खडे फोडतोय मी!"

"माहीत आहे, दादा."

"काय माहीत आहे तुम्हाला? माझं अख्खं तळघर अडवून बसली होती ही बया. आज सकाळी एकदाचं पिंप उघडलं. वहिनी, एक ग्लास द्या. चांगला पुसून द्या."

वहिनींनी पाण्याचा ग्लास पदराने लखलखीत पुसून दिला. पिंपाने बिअर ओतली. संपादक नापास पोरासारखा मान खाली घालून उभा.

"अहो, वर बघा की! आजोबांपासून आमची बिअर गढूळ. गिऱ्हाईक डोळे मिटून प्यायचं. आणि आता ही बघा! हिच्यातून वाचता येतं, वाचता! खोटं वाटतं? थांबा." त्याने टेबलावरचा हाताला लागला तो कागद उचलून ग्लासामागे धरला आणि खिडकीकडे वळला.

"अहो दादा, तो नको..." संपादक पुढे धावला. पण पिंपाला अडवणार कोण?

सोनेरी बिअरमधून अक्षरं चांगली फुगून मोठी दिसत होती. पिंप घुमत्या आवाजात वाचू लागला. "मागच्या अंकात आठ अंश असे छापले गेले. ते दहा हवे होते. ही चूक..." आवाज उतरला. "ही चूक सर्वस्वी संपादकाची आहे. क्षमा असावी."

कागद हळूच टेबलावर परत गेला.

"म्हणजे ही चूक आहे?" पिंपाने ग्लासाकडे बघत विचारलं.

"हो."

"आणि दहावर ठेवली असती तर?"

"लवकर झाली असती. पण इतकी नितळ नाही."

पिंपाने एक मोठा घोट घेतला आणि ग्लास संपादकाच्या हातात कोंबला. संपादकाने चव घेतली. मग पुन्हा घेतली. त्याचे डोळे भरून आले.

"वडिलांची आठवली का?" बायकोने विचारलं.

"छे!" तो हसायलाच लागला. "अगं, वडिलांना अशी जन्मात जमली नाही!"

मग पिंपही हसू लागलं, आणि ते हसायला लागल्यावर खोक्यातले खिळेसुद्धा खुळखुळले. यंत्रावरचा माणूस तोंड दाबून हसत होता. बायकोने ग्लास ओढून घेतला, उरलेली बिअर एका दमात संपवली आणि पदराने ओठ टिपले. "आता तरी ती दुरुस्ती राहू द्या म्हणते मी!"

"मुळीच नाही. चूक ती चूक. पहिल्या पानावरच जाणार."

"छापा हो, छापा," पिंप म्हणालं. "तुम्ही काय ऐकणार आहात होय? फक्त वहिनी, खाली एक ओळ जोडा आणि तिच्याखाली माझं नाव घाला. पिंप घातलंत तरी चालेल, सगळ्यांना कळेल."

संपादकाने चपापून बायकोकडे पाहिलं. तिचे हात केव्हाच खिळ्यांच्या खोक्याकडे गेले होते.

"सांगा," ती म्हणाली.

"दुरुस्ती वाचावी," पिंप म्हणालं. "पाळू नये."